बॅकअप असूनही महिना का लागतो? नगरपरिषदेसाठी रॅन्समवेअरचा आराखडा

संगणक_कक्ष

‘क’ वर्ग नगरपरिषदेसाठी रॅन्समवेअरच्या (फाइली एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या) हल्ल्याचा लेखी आराखडा करायचा आहे. तो मुख्याधिकाऱ्यांपुढे जाणार आहे, म्हणून मोघम सल्ला नको, नेमकं काय करायचं ते हवं.

सध्याची मांडणी अशी: ४० संगणक, सगळे एकाच डोमेनमध्ये (सगळी खाती आणि पासवर्ड एका ठिकाणाहून सांभाळणारी विंडोजची व्यवस्था). एक सर्व्हर, त्यावर हायपर-व्हीची (एका सर्व्हरवर अनेक संगणक चालवणारं विंडोजचं सॉफ्टवेअर) तीन आभासी यंत्रं. पहिल्यावर डोमेन कंट्रोलर (डोमेनची खाती तपासणारा सर्व्हर), दुसऱ्यावर घरपट्टी-पाणीपट्टीचा एसक्यूएल डेटाबेस, तिसऱ्यावर फाइल सर्व्हर (बांधकाम परवानगीचे नकाशे, ठरावांच्या स्कॅन प्रती). एकूण डेटा साधारण २ टीबी. बॅकअप रोज रात्री ११ वाजता, सर्व्हरला कायम लावलेल्या यूएसबी डिस्कवर. त्याचीच एक प्रत नासवर (नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी). नासही डोमेनमध्येच आहे. करप्रणालीचा व्हेंडर (ती पुरवणारी कंपनी) रिमोट सॉफ्टवेअरने कधीही आत येऊ शकतो.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या हल्ल्याचा अहवाल वाचला. राज्याने खंडणी दिली नाही, मदतीला बाहेरचे तज्ज्ञ होते, तरी पूर्वपदावर यायला २८ दिवस लागले. आमच्याकडे संगणक अभियंता एकच. म्हणून प्रश्न तीन: हा वेळ नेमका कुठे जातो? पहिल्या काही तासांत काय करायचं आणि काय टाळायचं? आणि वरच्या मांडणीत आधी काय बदलायचं?

टेप_लायब्ररी

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमच्या मांडणीतला सर्वात मोठा धोका तिथेच आहे. तुमच्याकडे बॅकअपच्या दोन प्रती आहेत, पण दोन्हींची किल्ली एकच आहे. डोमेन अ‍ॅडमिनचा (संपूर्ण डोमेनवर हक्क असलेल्या खात्याचा) पासवर्ड ज्याच्या हाती लागला, तो मूळ डेटा, यूएसबी डिस्क आणि नास हे तिन्ही एकाच बैठकीत पुसू शकतो. आणि हल्लेखोर नेमकं तेच करतात.

नेवाडाचा क्रम पाहा. १४ मे २०२५ ला एका कर्मचाऱ्याने यंत्रणा-व्यवस्थापनाचं एक साधन इंटरनेटवर शोधलं, खोट्या संकेतस्थळावरून उतरवलं आणि त्याबरोबर चोरदरवाजा (हल्लेखोराला गुपचूप प्रवेश देणारा प्रोग्राम) आत आला. २६ जूनला अँटिव्हायरसने ते साधन पकडून बाजूला काढलं, पण दरवाजा शिल्लक राहिला. ऑगस्टमध्ये हल्लेखोराने दूरनियंत्रणाचं एक विकत मिळणारं सॉफ्टवेअर बसवलं, आरडीपीने (विंडोज संगणक दुरून चालवण्याची सोय) एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेला, पासवर्ड साठवलेल्या सर्व्हरपर्यंत पोहोचून २६ खात्यांचे पासवर्ड काढले. २४ ऑगस्टला त्याने आधी बॅकअपचे व्हॉल्यूम (साठवणीचे भाग) पुसले. मग आभासी यंत्रांच्या सर्व्हरवर डिजिटल सही नसलेले प्रोग्राम चालू देण्याची सेटिंग बदलली आणि शेवटी रॅन्समवेअर सोडलं. ६० हून अधिक कार्यालयांना झळ बसली.

मे ते ऑगस्ट म्हणजे १०२ दिवस. आता तुमच्याकडचा बॅकअप किती दिवसांचा राखला जातो ते बघा. ३० दिवसांचा असेल तर त्यातल्या प्रत्येक प्रतीत तो चोरदरवाजा असणारच. अख्खं आभासी यंत्र जसंच्या तसं परत चढवलं की हल्लेखोरालाही तुम्ही परत बसवता. वेळ इथे जातो. डेटा बॅकअपमधून घ्यायचा, पण विंडोज आणि प्रोग्राम कोऱ्या यंत्रावर नव्याने बसवायचे. नव्याने बसवायला मूळ इन्स्टॉलर, परवान्यांच्या किल्ल्या, कॉन्फिगरेशन आणि व्हेंडरचा माणूस लागतो. त्यातलं काही त्याच फाइल सर्व्हरवर ठेवलेलं असेल तर तेही एन्क्रिप्ट झालेलं असतं.

घाई केली तर काय होतं हे कोलोरॅडोच्या परिवहन खात्यात दिसलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये चाचणीसाठी उभारलेला एक आभासी सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा राहिला. त्यावरचं अ‍ॅडमिन खातं खात्याच्या डोमेनशी जोडलेलं होतं. पासवर्डचे अंदाज लावून ते फोडलं गेलं आणि २१ फेब्रुवारीला सॅमसॅम हे रॅन्समवेअर पसरलं. काही संगणक परत सुरू झाले न झाले तोच १ मार्चला दुसरा फेरा आला आणि बरीच मेहनत पाण्यात गेली.

तुमच्यासाठी बदल असे:

नास डोमेनमधून आजच बाहेर काढा. त्याला स्वतंत्र अ‍ॅडमिन नाव आणि पासवर्ड द्या, तो कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये साठवू नका. नासने सर्व्हरकडून प्रत ओढून घ्यावी, सर्व्हरने नासवर ढकलू नये. सर्व्हरला नासवर लिहिण्याचा हक्कच नसेल तर तिथून नास पुसता येत नाही. नासवर स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची गोठवलेली नोंद) सुरू करा: रोजचे १४, आठवड्याचे ८, महिन्याचे १२. अपरिवर्तनीय स्नॅपशॉटची सोय असेल तर तीच वापरा, म्हणजे मुदत संपेपर्यंत नासच्या अ‍ॅडमिनलाही ते काढता येत नाहीत.

हायपर-व्हीचा मूळ सर्व्हर डोमेनमध्ये असेल तर तोही बाहेर काढा.

यूएसबी डिस्क एक नको, तीन घ्या, प्रत्येकी ४ टीबी. ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी ठळक चिठ्ठी लावा. दर शुक्रवारी एक जोडायची, प्रत झाली की काढायची आणि कार्यालयाच्या इमारतीबाहेर, उदाहरणार्थ पाणीपुरवठा केंद्रातल्या कुलुपाच्या कपाटात ठेवायची. नोंदवहीत तारीख, डिस्कचं अक्षर, किती जीबी गेले आणि सही. डिस्क बिटलॉकरने (डिस्क एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं साधन) बंद करा, पण तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून सीलबंद लिफाफ्यात मुख्याधिकाऱ्यांच्या कपाटात ठेवा. की फक्त अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनच्या खात्यांची नोंद) असेल तर हल्ल्याच्या दिवशी डिरेक्टरी बंद आणि डिस्कही बंद.

पोर्ट_३३८९

पहिल्या तासांबद्दल. हे छापून सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर लावा, संगणकावर ठेवून उपयोग नाही.

१. आधी नेटवर्क तोडा. मुख्य स्विचमधून इंटरनेटची तार काढा, मग नास आणि सर्व्हरच्या तारा. वाय-फायचे अ‍ॅक्सेस पॉइंट बंद. व्हेंडरची व्हीपीएन (इंटरनेटवरून आत येण्याची सुरक्षित जोडणी) आणि रिमोट सॉफ्टवेअर बंद. कोणत्या तारेवर काय आहे याच्या चिठ्ठ्या आत्ताच चिकटवून ठेवा, त्या दिवशी स्विचमागे टॉर्च घेऊन शोधत बसायला वेळ नसतो.

२. संगणक बंद करू नका. मेमरीत कधी कधी एन्क्रिप्शनची किल्ली किंवा हल्लेखोराच्या प्रोग्रामच्या खुणा असतात, वीज गेली की त्या गेल्या. आभासी यंत्रं ‘सेव्ह’ करा, म्हणजे मेमरीसकट गोठतात.

३. बाधित संगणकावर डोमेन अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन करू नका. धावपळीत सर्वाधिक होणारी चूक हीच. हल्लेखोराकडे तोवर मोठा पासवर्ड नसेल तर तो तुम्ही स्वतः त्याच्या हातात देता. त्या संगणकाचं स्थानिक खातं वापरा.

४. खंडणीच्या चिठ्ठीचा मोबाइलने फोटो काढा. एन्क्रिप्ट झालेल्या दोन-तीन फाइली आणि चिठ्ठी कोऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. फाइलींना कोणतं शेपूट (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारा भाग) लागलंय ते लिहून ठेवा, त्यावरून रॅन्समवेअरचं घराणं ओळखता येतं. गोव्याच्या जलसंपदा खात्याच्या पूरनिरीक्षण यंत्रणेवर जून २०२२ मध्ये हल्ला झाला तेव्हा फाइलींना ‘ईकिंग’ शेपूट लागलं होतं, ते फोबोस घराण्याचं. हे घराणं बहुतेकदा इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या आरडीपीतून आत येतं. म्हणजे शेपूट पाहूनच पहिलं दार कोणतं तपासायचं ते समजतं. त्या यंत्रणेत नद्यांवरची १५ केंद्रं होती, तीही ऐन पावसाळ्यात. चोवीस तास इंटरनेट, अँटिव्हायरस नाही आणि फायरवॉल (इंटरनेटवरची नको ती ये-जा अडवणारं यंत्र) जुना, ही कारणं तेव्हाच समोर आली. ‘नो मोअर रॅन्सम’ या युरोपोलच्या सहभागाने चालणाऱ्या संकेतस्थळावर काही घराण्यांची फुकट उलगडणारी साधनं मिळतात, तिथे जरूर बघा.

५. चिठ्ठीतला दुवा उघडू नका. काही टोळ्यांची मुदत तो उघडल्यापासून मोजली जाते, आणि शिवाय तुम्ही ताटकळला आहात हे त्यांना कळतं.

६. फायरवॉलचा लॉग (घडामोडींची नोंद) त्याच तासात बाहेर काढा. छोट्या फायरवॉलची आतली जागा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगची मूळ मर्यादा २० एमबी असते. वर्दळीच्या डोमेन कंट्रोलरवर ती काही तासांत भरते आणि हल्लेखोर कधी शिरला याचा पुरावाच उरत नाही. ती १ जीबी किंवा जास्त करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

आवकजावक

वरच्या मुद्दा २ ला एक दुरुस्ती. डोळ्यांदेखत फाइलींची नावं बदलत असतील आणि त्या संगणकाची तार काढणं शक्य नसेल, तर प्लग ओढा. पुरावा महत्त्वाचा आहे, पण उरलेला डेटा त्याहून महत्त्वाचा. नेहमीच्या पद्धतीने शटडाउन मात्र नको, त्यात मिनिट-दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात शेकडो फाइली जातात.

आता कायद्याची बाजू, कारण आराखड्यात ही हमखास राहून जाते. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावं लागतं. सरकारी संस्थाही त्यात येतात. सर्ट-इनचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९. सहा तासांत सगळं कळलेलं असावं अशी अपेक्षा नसते. जेवढी माहिती आहे तेवढी द्यायची, बाकीची नंतर. म्हणून मसुदा आत्ताच तयार ठेवा: संस्थेचं नाव, लक्षात आल्याची वेळ, बाधित यंत्रणांचे आयपी पत्ते, लक्षणं, काय पावलं उचलली, संपर्काची व्यक्ती. आयपी पत्त्यांची यादी कागदावर नसेल तर सहा तास तिच्यातच जातात.

त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस राखणं आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळेशी जुळवणं बंधनकारक आहे. घड्याळाची बाब लोक किरकोळ समजतात. फायरवॉल सात मिनिटं मागे आणि सर्व्हर चार मिनिटं पुढे असेल तर कोणत्या लॉगिननंतर काय घडलं हा क्रमच लागत नाही.

सायबर पोलिसांकडे तक्रार वेगळी द्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ सह ६६ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ (खंडणी) लागू होतं. बाधित सर्व्हरच्या डिस्क पोलिसांनी ताब्यात घेतल्या तर परत बसवायला डिस्क कुठून आणणार? दोन कोऱ्या डिस्क कपाटात असू द्या. तेवढ्यावरून काम अडतं.

संगणक_कक्ष

टेप_लायब्ररी, पोर्ट_३३८९, आवकजावक, तिघांचेही मनापासून आभार. भिंतीवरचा कागद आणि नासचं काम या आठवड्यात घेतो.

दोन शंका. बॅकअप सॉफ्टवेअर रोज ‘यशस्वी’ दाखवतं, मग चाचणी वेगळी का करायची? आणि २ टीबी परत चढवायला साधारण किती वेळ धरावा? मुख्याधिकारी पहिल्यांदा तेच विचारतील.

टेप_लायब्ररी

‘यशस्वी’चा अर्थ एवढाच की जे वाचता आलं ते लिहिलं गेलं. एसक्यूएलची मूळ डेटाफाइल चालू असताना कुलूपबंद असते. साध्या फाइल-कॉपीच्या पद्धतीने बॅकअप लावला असेल तर ती वगळली जाते, आणि ते अहवालाच्या तळाशी ‘१ फाइल वगळली’ एवढंच दिसतं. ती एक फाइल म्हणजे गावाची अख्खी घरपट्टी.

चाचणी अशी करा. नेटवर्कला न जोडलेला एक संगणक घ्या, त्यावर एसक्यूएल सर्व्हर बसवा. बाहेर ठेवलेल्या डिस्कवरून करांचा डेटाबेस चढवा. डीबीसीसी चेकडीबी (डेटाबेस धड आहे का ते तपासणारी एसक्यूएलची आज्ञा) चालवा, चुका शून्य आल्या पाहिजेत. मग करप्रणाली सुरू करून एका वॉर्डातल्या दहा मालमत्तांची मागणी बिलं काढा आणि कर निरीक्षकांना मागणी नोंदवहीशी ताडून बघायला सांगा. थकबाकी, शास्ती आणि शेवटची पावती हे तिन्ही जुळलं तरच चाचणी झाली. निव्वळ ‘रिस्टोर व्हेरिफाय ओन्ली’वर थांबू नका; ती आज्ञा फाइल वाचता येते का एवढंच बघते, आतला डेटा धड आहे का ते नाही. दर तीन महिन्यांनी एकदा पुरे.

वेळेचं गणित, २ टीबीसाठी:

यूएसबी ३ पोर्ट, साधी फिरती डिस्क, सेकंदाला सुमारे १२० एमबी: पावणेपाच तास.
तीच डिस्क चुकून यूएसबी २ पोर्टला लावली, सेकंदाला ३५ एमबी: सोळा तास. सर्व्हरच्या पुढच्या बाजूचा पोर्ट पुष्कळदा यूएसबी २ असतो.
१०० एमबीपीएस इंटरनेटवरून क्लाउडमधून, सेकंदाला ११ एमबी: पन्नास तास, तेही लाइन एकदाही न तुटता.

हे झालं मोठ्या फाइलींचं. तुमच्या फाइल सर्व्हरवर ठरावांच्या लाखो लहान स्कॅन प्रती असतील. लहान फाइलींना वेग सेकंदाला १०-१५ एमबीवर येतो, मग त्याच चांगल्या डिस्कवरून दोन दिवस. म्हणून फाइल सर्व्हरचा बॅकअप फाइलनिहाय न घेता अख्ख्या डेटा-डिस्कची प्रतिमा (हुबेहूब नक्कल) म्हणून घ्या. फक्त डेटाची डिस्क; विंडोजची नव्याने बसवायची आहे.

मुख्याधिकाऱ्यांना मात्र हा आकडा एकटा सांगू नका. डेटा चढवणं हा सगळ्यात छोटा भाग आहे. ४० संगणक कोरे करून परत बसवायला एका माणसाला, एका वेळी चार लावून, संगणकामागे सव्वा-दीड तास धरला तरी दोन दिवस जातात, आणि प्रिंटर-स्कॅनर त्यानंतर. त्याआधी डोमेन: क्रमाने नेटवर्क आणि डीएनएस (नावावरून संगणकाचा पत्ता शोधणारी सेवा), डोमेन कंट्रोलर, डेटाबेस, करप्रणाली, मग फाइली. डोमेन जुनंच ठेवणार असाल तर केआरबीटीजीटी खात्याचा (डोमेनमधल्या लॉगिनच्या तिकिटांवर शिक्का मारणारं अंतर्गत खातं) पासवर्ड दोनदा बदलावा लागतो. एकदा बदलून भागत नाही, कारण आधीचा पासवर्ड लक्षात ठेवला जातो आणि चोरलेली तिकिटं चालत राहतात. ४० संगणकांसाठी मी तरी नवीन डोमेन उभारा असंच म्हणेन. जुनं स्वच्छ झालंय याची खात्री करण्यापेक्षा ते सोपं आहे. सगळं नीट जमलं तर करवसुली चौथ्या-पाचव्या दिवशी आणि बाकी सगळं पंधरा दिवसांत, असं लिहा.

गावठाण

हे पंधरा दिवस कार्यालय कसं चालणार, याला आराखड्यात एक पान हवंच. बाल्टिमोर शहरावर ७ मे २०१९ ला रॉबिनहूड या रॅन्समवेअरचा हल्ला झाला. मागणी १३ बिटकॉइनची, तेव्हाचे सुमारे ७६,००० डॉलर. शहराने दिले नाहीत, आणि नुकसानीचा अंदाज १.८ कोटी डॉलरच्या वर गेला. लोकांना सर्वाधिक जाच झाला तो घरांचे व्यवहार अडकल्याचा. मालमत्तेवर शहराची थकबाकी नाही हा दाखला निघेना, त्यामुळे विक्री पूर्ण होईना. आपल्याकडे थकबाकी नसल्याचा दाखला अगदी त्याच जागी आहे. मार्च अखेरीला हल्ला झाला तर वसुलीही थांबेल आणि दाखलेही.

उपाय कागदाचा. दर महिन्याच्या १ तारखेला वॉर्डनिहाय थकबाकीची यादी पीडीएफ करून दोन पेनड्राइव्हवर, आणि मार्चमध्ये तिची छापील प्रत. छापील क्रमांकाची पावती पुस्तकं शिल्लक ठेवा, कुणाकडे कोणते क्रमांक दिले त्याची नोंद करा. यंत्रणा परत आली की या पावत्या चढवताना मूळ तारखेने चढवाव्या लागतात, नाहीतर वेळेत भरणाऱ्यालाच शास्ती लागते. करप्रणालीत मागच्या तारखेची नोंद करण्याचा हक्क कोणाला आहे हे व्हेंडरला आत्ताच विचारा.

जन्म-मृत्यूच्या नोंदी केंद्राच्या सीआरएस या नोंदणी पोर्टलवर असतील तर तो डेटा तुमच्या सर्व्हरबरोबर जात नाही. पण त्या पोर्टलचा पासवर्ड बाधित संगणकाच्या ब्राउझरमध्ये साठवलेला असेल तर तो चोरीला गेला असं धरून पहिल्याच दिवशी, दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून बदला. बँकेच्या आणि डिजिटल सहीच्या पिनचंही तेच.

बाल्टिमोरची आणखी एक गोष्ट: तिथल्या लेखापरीक्षणात आलं की माहिती तंत्रज्ञान विभागाचाच काही डेटा कर्मचाऱ्यांच्या संगणकांतल्या हार्ड डिस्कवर होता, त्याची दुसरी प्रत नव्हती, तो गेला. तुमच्या बांधकाम विभागात ‘डेस्कटॉप’वर काय काय आहे ते एकदा फिरून बघा.

खंडणीबद्दल विचारलं नाहीत, पण सभेत कोणीतरी ‘देऊन टाका’ म्हणणारच. फ्लोरिडातल्या रिव्हिएरा बीचने जून २०१९ मध्ये ६५ बिटकॉइन दिले. पुढे नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२२ मध्ये स्थानिक संस्थांना खंडणी देण्यावर कायद्यानेच बंदी आणली. पैसे देऊन किल्ली मिळाली तरी वर टेप_लायब्ररी यांनी सांगितलेलं कोऱ्या यंत्रांचं काम एका तासाने कमी होत नाही, आणि चोरून नेलेला डेटा त्यांच्याकडेच राहतो.

पोर्ट_३३८९

व्हेंडरचा मुद्दा राहिला. टेक्सासमध्ये १६ ऑगस्ट २०१९ ला २० हून अधिक छोट्या गावांच्या यंत्रणा एकाच सकाळी गेल्या. गावांचा एकमेकांशी संबंध नव्हता, सेवा देणारी कंपनी मात्र सामाईक होती आणि तिच्याच दूरव्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधून हल्ला आला. तुमचा व्हेंडर ज्या साधनाने तुमच्याकडे येतो, त्याच साधनाने आणखी किती नगरपरिषदांत जात असेल ते बघा.

त्यामुळे व्हेंडरला कायमचा प्रवेश नको. त्याचं खातं बंद ठेवा. त्याने फोन केला की तुम्ही सुरू करायचं, दोन तासांची मुदत घालायची, काम झालं की बंद. खातं फक्त डेटाबेसच्या यंत्रापुरतं, डोमेन अ‍ॅडमिन अजिबात नाही. व्हीपीएनला मोबाइलवरची दुसरी पडताळणी. प्रत्येक संगणकाच्या स्थानिक अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा हवा, विंडोजमधल्या लॅप्स या सोयीने तो आपोआप बदलत राहतो आणि त्याचा वेगळा खर्च नाही. करारात एक ओळ घाला: हल्ला झाल्यास व्हेंडरने इन्स्टॉलर, परवाना आणि माणूस किती तासांत द्यायचा. करार नूतनीकरणाला आला असेल तर हे आत्ताच लिहून घ्या, एकदा सह्या झाल्या की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं.